मेणाच्या माणसांचं घर

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत कोंडीबाची चित्रांची पेटी दरवर्षी ठरलेल्या जागी, होम मैदानाच्या तळ्याकडच्या कडेला लागायची. पेटीला चार भिंगं. डोळा लावला की अख्खं लंडन समोर हजर! जन्मात माढ्याच्या पुढं न गेलेली माणसं इथून उठली की तिथल्या पुलावर किती दिवे आहेत ते छातीठोक सांगायची. कोंडीबा पेटीमागं उभा राहून दोऱ्या ओढायचा. सहा चित्रं, सहा दोऱ्या. पहिलीला एक गाठ, दुसरीला दोन, अशा सहापर्यंत. हाताला बरोबर कळायचं, आत बघायची गरजच नसायची. आणि खरं सांगायचं तर कोंडीबा आत बघतही नसे.

"पूल बघा, टावर बघा! वाघ-सिंहांची बाग बघा! मेणाच्या माणसांचं घर बघा, जित्ती वाटत्यात पर बोलत न्हाईत!"

हे बोल मुळात त्याच्या धाकट्या भावाचे, जोतीरामचे. जोतीराम मानमोडीच्या साथीत गेला, त्याला सात वर्षं झाली होती. त्याची बायको सोनाबाई कुंभारी गावात कोंडीबाच्याच घरी राहायची, दोन्ही वेळचं गरम वाढायची. शेजारणींना सांगायची, "भावजींच्या मांडीवर डोकं ठेवून गेले. त्यांच्या हातचं पानी तोंडात पडलं. मला त्यातच समदं पावलं." हे ऐकलं की कोंडीबा ताटावरून उठायचा.

कारण तसलं काही घडलंच नव्हतं. दोघं पेटी घेऊन फिरतीवर असताना माढ्याच्या धर्मशाळेत जोतीराम पोत्यावर पडून तापानं फणफणत होता. "दादा, पानी," म्हणाला. कोंडीबा तांब्या घेऊन विहिरीवर गेला. तिथं बैलगाडीत एकावर एक रचलेली तीन मढी पाहिली, आणि त्याचे पाय जे वळले ते थेट स्टेशनाकडं. पेटी तिथंच ठेवलेली होती. ती उचलली आणि आगगाडीत बसला. परत आला तो चौथ्या दिवशी. तोवर धर्मशाळेत कुणी उरलं नव्हतं. दुष्ट नव्हता हो बिचारा, भित्रा होता. पण तहानलेल्या माणसाला त्या फरकाचं काय करायचंय?

सव्वीस सालच्या जत्रेत पहिल्याच दिवशी वेणीमाधव मास्तर चष्मा पुसत पेटीसमोरून उठले.

"कोंडीबा, लंडनचं ते मेणाचं घर गेल्या साली आगीत गेलं. पेपरात आलं होतं."

"आमच्या पेटीत हाय की अजून, मास्तर."

"आहे खरं. पण त्या राजा-राण्यांत धोतर नेसलेला माणूस कोण? आपल्याकडचा दिसतो."

कोंडीबा हसला. मास्तर काही हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शेजारी चुरमुरे विकणारी गंगम्मा डोकावली आणि ओरडली, "अय्यो! त्या मेणाच्या मानसाला घाम आलाय की रे!" दुपारी माळशिरसकडची एक म्हातारी विचारून गेली, "त्याला बिचाऱ्याला पोत्यावर का निजवलाय?"

कोंडीबानं मेणाच्या घराची चौथी दोरी खिळ्याला गच्च बांधून टाकली. तिसऱ्या दोरीवरून थेट पाचवीवर जायचं, झालं! तरी उठणारं माणूस विचारायचंच, "त्यो काय मागतोय हो?"

चौथ्या दिवशी भर दुपारी सोनाबाई भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आज मलाबी दावा."

"पेटी बिघडलीया, सोना."

"समद्या जगाला दावता, आन् माज्यापुरती बिघडली व्हय?"

"बघू दे की रे तिला!" गंगम्मा हसत म्हणाली. चार लोक थांबले. कोंडीबानं पहिली दोरी धरली.

पुलाला सोनाबाई हरखली. सिंहाला तिनं पदर तोंडाला लावला. कोंडीबानं तिसऱ्या दोरीवरून थेट पाचवी ओढली, मग सहावी.

"झालं, सोना. ऊठ आता."

ती उठली नाही.

"थांबा."

भिंगावरचा डोळा न काढता ती हळूच म्हणाली,

"भावजी, तुमी पानी पाजलं म्हनला व्हता."

कोंडीबानं हातातली दोरी सोडून दिली.

"त्यांचे ओठ फुटल्यात. कुनाची तरी वाट बघत्यात. तुमी कुटं व्हता?"

"भ्यालो गं," तो मटकन खाली बसला. "तांब्या घेऊन गेलो त्यो माघारी आलोच न्हाई. सात वर्सं तुज्या हातचं खातोय आन् मनातनं सडतोय. मला माफ कर, सोना."

सोनाबाई उठली. रडली नाही, ओरडली नाही. आणलेला तांब्या तिनं त्याच्या हातात दिला.

"मग आता पाजा."

कोंडीबा गुडघ्यांवर सरकत पुढं आला. सात वर्षांत पहिल्यांदा त्यानं भिंगाला डोळा लावला.

राजे नव्हते. राण्या नव्हत्या.

सारवणाचा वास आला. तापाचा वास आला.

"दादा," पोत्यावरून जोतीराम म्हणाला, "लई येळ लावला."

कोंडीबानं तांब्या त्याच्या ओठांना लावला. जोतीरामनं त्याचं मनगट धरलं आणि तो पाणी पिऊ लागला. पीत राहिला. तांब्या रिकामा होईना. मनगट सुटेना.

कोंडीबानं मान वळवून मागं पाहिलं. खोलीला दार नव्हतं. भिंतीत चार गोल भोकं होती, त्यातून उन्हाचा उजेड येत होता.

लांबून गंगम्माचा आवाज आला, "अगं, पेटीवाला कुटं गेला?"

"भावापाशी बसल्यात," सोनाबाई म्हणाली, आणि पेटीमागं उभी राहून तिनं पाचवी दोरी ओढली.