खर्जाच्या खाली

तळोद्यात हेमकांत सरांची ओळख दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र इतकं सोपं करून शिकवत की मागच्या बाकावरची पोरंही वही उघडत. दुसरी म्हणजे त्यांच्या घराच्या माडीवर, जिथे वडिलांच्या काळी कापूस भरत, तिथे अकरा बेस गिटारी भिंतीला टांगलेल्या होत्या.

एक जपानी होती, मानेला तडा गेलेली. एक गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून आणलेली, आतून पोकळ. एकीच्या मानेवर पडदे नव्हते, एकीला पाच तारा होत्या. सर रोज सकाळी त्यांतली एखादी काढायचे, मऊ फडक्याने पुसायचे आणि तासभर वाजवायचे. लग्नसराईत ते एका ऑर्केस्ट्रात वाजवत. गाणाऱ्याच्या मागे, ढोलकीवाल्याच्या बाजूला, उजेड जिथे संपतो तिथे उभे राहत.

"तुमनं वाजनं ऐकू तर येत नही," बायको, जागृती, म्हणायची. "मंग वाजाडतस कशाले?"

सर हसायचे. बेस बंद पडला की मांडवातल्या लोकांना काहीतरी गेल्यासारखं वाटतं, पण काय गेलं ते सांगता येत नाही. हे त्यांनी पंचवीस वर्षं पाहिलं होतं. त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. फक्त एक इच्छा राहून गेली होती. त्यांना डबल बेस हवा होता. माणसापेक्षा उंच, उभा धरून गजाने वाजवायचा, खऱ्या लाकडाचा.

तो जानेवारीत खापर गावात सापडला.

रूपचंद मंडपवाल्याच्या गोदामात सर कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी कनाती बघायला गेले होते. मागच्या भिंतीवर, जुन्या सर्कशीच्या तंबूच्या कापडाआड, तो दोरखंडाने टांगलेला होता. धुळीने पांढरा, तारा गंजून तुटलेल्या, तारा ज्यावर टेकतात ती मधली घोडी गायब.  सरांनी हात लावायच्या आधी तो पँटला पुसला.

"सर्कस आठेच मोडनी," रूपचंदने सांगितलं. "मन्हा बापनी तंबू लिधा, त्यानासंगे हाई उनं. चाळीस वरीसपाईन टांगेल शे. लई जा सर, फुकट लई जा."

"फुकट? का बरं?"

रूपचंदने कनातीची घडी घालत घालत, वर न बघता उत्तर दिलं. "दुपारले घुमस ते. वारा ऱ्हास नही, तरी घुमस."

सरांनी त्याला समजावलं की पत्रा तापला की गोदामातली हवा हलते, पोकळ पेटी असली की ती घुमणारच. रूपचंदने मान डोलावली आणि चार माणसं बोलावून तो टेम्पोत चढवून दिला.

"काय लई उनात हाई?" जागृती दारातच उभी राहिली. "हत्ती शे का काय?"

नव्या तारा पंधरा दिवसांत आल्या. घोडी मात्र कुठे मिळेना. तेव्हा सरांना गोवाल आठवला. काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा हा पावरा आदिवासी, सातपुड्यातले मोठे ढोल घडवणारा आणि वाजवणारा. साठीचा, सडपातळ, आश्रमशाळेत शिकलेलं नीटस मराठी बोलणारा. सर डबल बेस जीपच्या टपावर बांधून देवगोईचा घाट चढून त्याच्याकडे गेले.

गोवालने वाद्याला फेरी मारली, बोटाने ठोकून कान लावला आणि म्हणाला, "मास्तर, हा ढोलच आहे. फक्त याला गळा आहे."

त्याने शिवणीच्या लाकडाची घोडी कोरली. दोन दिवस लागले. कोरताना तो फार बोलला नाही, पण जे बोलला त्यातून सरांना कळलं की गेल्या वर्षी भोंगऱ्या बाजारात काय झालं. होळीच्या आधीचा तो बाजार म्हणजे डोंगरातल्या सगळ्या पाड्यांच्या ढोलांचा दिवस. पण गेल्या वर्षी शहाद्याहून डीजेची गाडी आली. गोवालच्या पाड्याचे पाच ढोल वाजत असताना त्यांच्याभोवती नाचणारं रिंगण विरघळून गाडीकडे गेलं. शेवटी गोवालने भर बाजारात ढोल गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला.

"पाड्यावर बैठक झाली," तो म्हणाला. "यंदाही तसंच झालं तर होळीलाही डीजे सांगायचा. ढोल टांगून ठेवायचे."

त्याची आई, फुलीबाई, ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. नव्वदीला टेकलेली. बारा वर्षांपासून ठार बहिरी.

घोडी बसली, तारा चढल्या. सरांनी सर्वांत जाड तारेवर गज ठेवला आणि सावकाश ओढला.

अंगणातल्या कोंबड्या जागच्या जागी थांबल्या. फुलीबाईच्या हातातलं सूप थांबलं. तिने मान वळवली आणि आपल्या बोलीत मुलाला काहीतरी विचारलं. 

"काय म्हणतात आजी?" सरांनी गोवालला विचारलं.

"विचारते, कोण आलं?"

"मी दोन दिवस इथेच आहे, दादा."

"तुमचं नाही विचारत, मास्तर."

घरी परतल्यावर सर त्या वाद्यापासून हलेनात. जागृती चहा माडीवर आणून देऊ लागली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, सूर लावताना, त्यांनी मोबाईलवर ते अ‍ॅप उघडलं जे ते प्रयोगशाळेत नादकाट्यांसाठी वापरत. पडद्यावर प्रत्येक सुराची एक उभी रेघ दिसे. सर्वांत जाड तारेची रेघ एक्केचाळीस हर्ट्झवर यायला हवी. ती आली.

तिच्या डावीकडे आणखी एक होती. साडेवीसवर.

बरोबर एक सप्तक खाली. माणसाचा कान जिथे संपतो त्या काठावर. त्या लाकडातून इतका खालचा सूर निघणं शक्य नव्हतं, तार तिच्या मूळ सुराच्या खाली जात नाही हे सर दर वर्षी मुलांना फळ्यावर सिद्ध करून दाखवत. त्यांनी पंखा बंद केला, फ्रिज बंद करायला लावला, दुसरा मोबाईल आणला. रेघ तिथेच होती. सरांच्या रेघेपेक्षा उंच, आणि जराही न हलणारी.

त्यांनी वहीत नोंदी करायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी गज थांबल्यावर खालची रेघ तीन सेकंद टिकली. चौथ्या दिवशी अकरा. नवव्या दिवशी ती गज तारेला लागायच्या आधी आली.

सर गज हवेत धरून तसेच उभे राहिले. रेघ थांबली होती. त्यांची वाट बघत असल्यासारखी.

मग त्यांनी एक प्रयोग केला. सहा सुरांची नावं सहा चिठ्ठ्यांवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकली. डबा हलवायचा, चिठ्ठी काढायची, पण उघडायची नाही. आधी मोबाईलकडे बघायचं. वीस वेळा केलं. विसाच्या वीस वेळा रेघ चिठ्ठी उघडायच्या आधी त्या सुराखाली येऊन उभी होती.

जागृती समोर बसून बघत होती. तिने डबा घेतला आणि झाकण घट्ट लावलं. "माले हाई बरं दिखत नही. परत दी टाका त्याले."

पण सरांना भीती वाटली नाही, हीच खरी नवलाची गोष्ट. आयुष्यभर ते इतरांच्या सुराखाली उभे राहून तो तोलत आले होते. आज पहिल्यांदाच त्यांच्या खाली कुणीतरी उभं होतं. त्यांना पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. त्यांनी गज उचलला आणि तासभर असं वाजवलं की खाली रस्त्यावर सायकली थांबल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोवालला फोन लावला. "दादा, भोंगऱ्याला मी येतो. तुमच्या ढोलांबरोबर."

 "आईने कालच सांगितलं," गोवाल म्हणाला. "मास्तरसाठी जागा मोकळी ठेवा म्हणाली."

मोलगीचा भोंगऱ्या बाजार भर दुपारी भरात होता. शेव-जिलेबीच्या पाट्या, साखरेच्या हार-कंगनांच्या माळा, गुलाल, रिबिनी, टरबुजांचे ढीग. चांदीच्या दागिन्यांनी वाकलेल्या बायका आणि मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या, म्हणजे होळीचं व्रत धरलेले नाचे. मैदानाच्या तोंडाशी डीजेची गाडी, तिच्यावर घराएवढी बॉक्सची भिंत. डीजेवाला भरत सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. तो धावत येऊन पाया पडला.

"सर, ह्या गर्दीमा तुमनं हाई कसं ऐकू जाई? मन्हा बॉक्सले जोडी देऊ का? खरंच सांगस, फुकट हसं व्हई."

"असू दे, भरत. तू तुझं वाजव."

गोवालचे पाच ढोल रिंगणात उभे राहिले. मागे, लिंबाच्या सावलीत, डबल बेस धरून सर. फुलीबाई मुलाच्या पायाशी बसली. जागृती मोबाईल हातात धरून उभी होती. तिने यायचं नाही असं तीनदा सांगितलं होतं आणि पहाटे सगळ्यांआधी जीपमध्ये बसली होती.

सुरुवात वाईट झाली. भरतच्या गाण्याचा धक्का छातीवर बसत होता. ढोल त्यात बुडाले आणि सरांचा गज तर त्यांनाच ऐकू येईना. रिंगणातली पोरं एकेक करून गाडीकडे सरकू लागली. गोवालने एकदा मागे वळून पाहिलं. गेल्या वर्षीचा तो क्षण त्याच्या तोंडावर परत आला होता.

"आली," जागृती म्हणाली.

सरांनी तिच्या हातातल्या पडद्याकडे पाहिलं. साडेवीसची रेघ वर चढत होती. पडद्याच्या काठापर्यंत. मग त्याच्याही बाहेर.

आधी टरबुजांचा ढीग हलला. मग जिलेबीच्या पाकावर बारीक वर्तुळं उठली. मग बायकांच्या गळ्यातल्या चांदीच्या साखळ्या एकदम, एका लयीत, वाजू लागल्या.

आवाज कानात आलाच नाही. तो तळपायातून वर आला.

गाडीकडे निघालेली पोरं थांबली. त्यांनी खाली पायांकडे पाहिलं आणि ती परत फिरली.

भरतने आवाजाचे खटके वर ढकलले. बॉक्सचे पडदे थडथडत होते, दिवे लागत-विझत होते, गाणं चालू होतं. पण ते कुणालाच ऐकू येत नव्हतं. भरतलाही नाही. त्याने कानावरचे हेडफोन काढले, त्यांच्याकडे बघितलं आणि गाडीवरून खाली उडी मारली. तो नाचतच आला.

दुसऱ्या पाड्याचे ढोल धावत आले. मग तिसऱ्याचे. चाळीस ढोल, मग किती ते कुणी मोजलं नाही. सगळे एकाच ठोक्यावर. आजवर कधी न झालेलं.

सरांनी डोळे मिटले. ते हसत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

फुलीबाई उठली.

कुणाचा हात न धरता. बारा वर्षं ज्या बाईने पान पडल्याचा आवाज ऐकला नव्हता, ती ठोक्याला ठोका देत नाचू लागली. पाऊल एकदाही चुकलं नाही. गोवाल आईकडे बघत वाजवत होता.

सरांचा खांदा भरून आला. त्यांनी गज तारेवरून उचलला.

सूर थांबला नाही.

चार ठोके गेले. आठ गेले. हजारो माणसं नाचत होती. गोवालला कळलं. त्याने मागे वळून रिकाम्या तारांकडे पाहिलं, मग सरांकडे. आणि ढोलावर आणखी जोरात टिपरी हाणली.

सरांनी गज पुन्हा ठेवला. इतक्या आनंदाने त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा ते संपलं. गोवालला पोरांनी खांद्यावर घेतलं. आठ पाड्यांच्या कारभाऱ्यांनी तिथेच, गुलालाने माखलेल्या हातांनी, एकमेकांना शब्द दिला की होळीला ढोलच वाजतील. भरत बॉक्स उतरवत होता आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, असं नही ऐकं मी कधी. सर, पुढला सालले माले संगे ठेवा." जागृतीने भर बाजारात नवऱ्याच्या कपाळाला गुलाल लावला. "ऐकू उनं," ती म्हणाली. "आज ऐकू उनं तुमनं."

बाजार पांगला. सर मैदानातून जीपकडे निघाले. फुलीबाई आणि गोवाल त्यांच्या पुढे होते. सगळ्या मैदानाची माती हजारो पायांनी तुडवून पीठ झाली होती.

एक जागा सोडून. रिंगणाच्या अगदी मध्ये, जिथे नाचणाऱ्यांची सर्वांत दाट गर्दी होती, तिथे खाटेएवढं एक वर्तुळ होतं. त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मातीचे बारीक कण एकात एक कड्यांसारखे बसले होते, आणि कड्यांच्या मध्यभागी जमीन खाली दबली होती, कुणीतरी भारदस्त माणूस दिवसभर एका जागी बसून राहावा तशी.

फुलीबाई त्या वर्तुळापाशी आली, वळसा घालून पुढे गेली, आणि जाता जाता तिने थोरामोठ्यांपुढे ओढतात तसा पदर कपाळावर ओढून घेतला.