बाबल्या पुन्हा मेला

अख्खं पुस्तक वाचून काढलेली मुलगी नापास कशी होते? तेही दोनदा! हे कोडं काही मिथिला डोर्लेकरला सुटत नव्हतं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

साल २०७१. समुद्र चढून करंजेबंदर गावाचं बेट झालं होतं आणि दवाखान्याची बोट यायला तास लागे. म्हणून गावात एक तरी ‘प्रथम मदतनीस’ (डॉक्टर येईपर्यंत जीव वाचवायला धडपडणारा) हवा, असा नियम होता. आधीचे मदतनीस गाव सोडून गेले होते. शिकायला तयार झाली फक्त तेरा वर्षांची मिथिला. पंधरवड्याने होणाऱ्या तिसऱ्या परीक्षेतही ती नापास झाली, तर हृदयाला झटका देणारं यंत्र गावातून परत नेणार होते. आणि तिच्या आजोबांचं हृदय एकदा बंद पडून त्याच यंत्राने चालू झालं होतं.

सरावाचा यंत्रमानव बाबल्या जमिनीवर आडवा झाला. “मला पाण्यातून काढलंय. श्वास बंद. चल! पुस्तक मिटून.”

मिथिलाला काही आठवेना. बंदरावर लहानपणापासून पाहिलेलं तेवढं हातांनी केलं. ती त्याचं पोट दाबून पाणी काढू लागली. बाबल्याच्या कपाळावरचा दिवा लाल झाला.

“मेलो,” तो म्हणाला. “आज सकाळपासून कितव्यांदा, ते विचारू नकोस.”

“पण हे पान मी पिवळं रंगवलंय! वाचलं की सगळं येतं मला!”

मेंदूच्या अभ्यासात आयुष्य घालवलेले आजोबा खाटेवरून उठले. “वाचलं की येतं ना? बाळा, ती ओळख (समोर दिसल्यावर ‘हेच ते’ वाटणं). आठवण निराळी (समोर काही नसताना मनातून बाहेर काढणं). धक्क्यावर बसून पोहणारे बघितले, म्हणून पोहता येतं का?”

“मग काय करू? मी नापास होणार आजोबा, आणि तुम्हाला काही झालं तर...”

“पुस्तक मीट आणि सांग. अडलीस की मगच बघ. उद्या पुन्हा. मग दोन दिवस सोडून, थोडं विसरल्यावर पुन्हा. विसरता विसरता आठवलेलं पक्कं बसतं.”

“आणि मी कधी बुडेन, कधी भाजेन,” बाबल्या म्हणाला. “क्रम लावून संकटं येत नाहीत.”

ते दिवस फार वाईट गेले. वाचताना निदान येतंय असं वाटायचं. आता आपण किती ढ आहोत तेच रोज दिसे. बाबल्या रोज मरे. मिथिलाने हाय खाल्ली, एकदा पुस्तक भिंतीवर भिरकावलं. “जड जातंय ना? म्हणजे मेंदू राबतोय,” आजोबा म्हणत, पण तिला ते खरं वाटत नसे.

एका संध्याकाळी बाबल्या न सांगता कोसळला. “बुडालोय!” मिथिलाचे हात पोटाकडे गेलेच नाहीत. तिने मदतीसाठी हाक मारली, डोकं मागे करून हनुवटी उचलली, श्वास तपासला. आधी तोंडाने श्वास, मग छातीच्या मधोमध दाब. दिवा हिरवा झाला.

तरी ती हसली नाही. “बाबल्या खोटा आहे. खरं माणूस असेल तेव्हा?”

आजोबा जमिनीवर आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

तिने खांदे हलवून हाका मारल्या. ते गप्प. तिने त्यांच्या नाकाजवळ कान नेला आणि छातीकडे पाहिलं. छाती वर आली, खाली गेली.

“श्वास चालू आहे,” ती म्हणाली.

तपासायला दहा सेकंद पुरतात, हे तिला आता पाठ होतं. पण तिने कान कितीतरी वेळ तिथून हलवला नाही.