दुपारची कुजबुज

तो साबणाचा वास आला की एवान्थियाला अजून ती पहिली भेट आठवते. स्त्रातिस तिच्या दवाखान्यात आला होता भाचीच्या वेड्यावाकड्या दातांना तारा बसवून घ्यायला. ती भाची, मिर्सिनी, बसल्या जागी पेंगली आणि तोंड उघडं टाकून चक्क घोरायला लागली. काय गोड पोर आहे, असं एवान्थिया म्हणाली मात्र, मामाने लगेच भाचीवर थुंकल्यासारखं केलं... फ्तू, फ्तू, फ्तू. दृष्ट नको लागायला!

"रात्रीही घोरते?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! आजोबांवर गेलीय. ते घोरायचे तर पार बंदरात ऐकू जायचं." स्वारी अगदी अभिमानाने सांगत होती.

एवान्थियाचं हसू मावळलं. तारा नंतर, ती म्हणाली, आधी झोपेत हिचा श्वास अडतो का ते पाहायला हवं. स्त्रातिसचा चेहरा पडला. पोरीची आई जहाजावर स्वयंपाकीण होती, ईस्टरला घरी यायची होती आणि तोवर तारा बसतील असा शब्द त्याने बहिणीला दिला होता. मग घरी येऊन ऐका स्वतःच, असं तो घुश्शात बोलून गेला, आणि ही बाई खरंच आली.

दुपारची जेवणं झाली की ती राहत होती त्या छोट्या बेटावर खिडक्या मिटतात. त्या वेळी मोठ्याने बोलणाऱ्याची शेजारी खैर ठेवत नाहीत. म्हणून झोपलेल्या मिर्सिनीच्या खोलीच्या दाराशी दोघं डोक्याला डोकं लावून कुजबुजत बसली. तो काम करायचा त्या साबणाच्या कारखान्यातल्या गमती सांगत होता. त्याच्या हातांना ऑलिव्हच्या साबणाचा वास होता... तिला तो का कोण जाणे, फार आवडला.

घोरणं थांबलं.

"बघा, शांत झोपली," तो म्हणाला.

तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "नीट बघा. श्वासच नाहीये."

पोरीची छाती धडपडत होती, पण हवा आत जात नव्हती. मग तिने दचकून मोठा श्वास ओढला. स्त्रातिस पांढराफटक पडला होता. "आणि मी याचं कौतुक करत होतो," तो पुटपुटला. घाबरून धरलेला एवान्थियाचा हात सोडायचं तो विसरला. तिनेही आठवण करून दिली नाही.

ईस्टरच्या आत मिर्सिनीच्या नाकामागच्या, श्वास अडवणाऱ्या वाढलेल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या. आई आली तेव्हा दात वाकडेच होते, पण पेंगणारी लेक अंगणभर धावत होती. ते बघून आईने तारांचं नावही काढलं नाही.

एवान्थिया पुन्हा एका दुपारी आली. आत मिर्सिनी इतकी निवांत झोपली होती की श्वासाचा आवाजसुद्धा येत नव्हता.

"आता ऐकण्यासारखं काही राहिलं नाही," तो हळूच म्हणाला.

"मग... निघू मी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. आणि मग... फ्तू, फ्तू, फ्तू.

"मला हो कोणाची दृष्ट लागणार?"

"माझी. रोज लागतेय. लग्न कर ना माझ्याशी."

"म्हणजे लागायची थांबेल?"

"छे! पण काढायला मी घरातच असेन."

तिला इतकं हसू आलं की पोर उठू नये म्हणून तिने त्याचीच बाही तोंडात धरली.

पुढे तारा बसल्या, निघाल्या. मिर्सिनी शिकायला थेस्सालोनिकीला गेली. आता त्या घरात दुपारी झोपणारं कोणी नाही. तरी खिडक्या मिटल्या की ती दोघं अजून कुजबुजतच बोलतात.