बावन्नाचा आकडा

दक्षिण आफ्रिकेतल्या सोडवानाच्या किनाऱ्यावर माझं छोटं वर्कशॉप आहे. पाणबुडे ज्यातून आपलाच सोडलेला श्वास गाळून पुन्हा घेतात, ते रीब्रीदर मी तपासते. त्यातले ऑक्सिजनचे तीन सेन्सर शुद्ध वायूच्या बंद डबीत ठेवायचे; आकडा बावन्नावर गेला की हलता कामा नये. सेन्सर चुकला तर माणूस पाण्याखाली गुपचूप बेशुद्ध होतो. पास झालेल्या यंत्रावर माझ्या नावाची पट्टी लागते. पट्टी नाही, तर बोटीत जागा नाही.

माझ्या नवऱ्याच्या, थुलेबोनाच्या यंत्रावरही मीच पट्टी लावली होती. तो डुबकीवरून परतला नाही, त्याला तीन वर्षं झाली. यंत्र सापडलं, तो नाही.

त्या दुपारी डबीत आमच्या मुलीचे, झिबुयिलेचे सेन्सर होते. दुसऱ्या सकाळी ती संशोधकांबरोबर पहिल्यांदाच समुद्राखालच्या शंभर मीटर खोल दरीत उतरणार होती. आकडे बावन्नावर स्थिरावले. मग एक्कावन्न. पुन्हा बावन्न. मी डबीचं रबर बदललं, तारा बदलल्या, कपाटातले कोरे सेन्सर लावले. आकडे तसेच, सावकाश खाली-वर. खाली गेले की क्षणभर अडखळायचे.

एकोणीस वर्षं मी त्या श्वासाशेजारी झोपले होते. खरं सांगते, भीती नाही वाटली. फार बरं वाटलं.

झिबुयिले आली तेव्हा पट्टी मिळणार नाही, एवढंच सांगितलं.

"आई, माझी जागा दुसऱ्याला देतील."

"देऊ देत."

"बाबांचं माझ्यावर काढू नकोस."

मी डबी तिच्याकडे वळवली. ती आकड्यांवर वाकली.

"बाबा झोपलेत तसं चाललंय हे," ती हळूच म्हणाली. मग खुर्चीत बसली. "नाही जात मी."

आकडे थांबले.

सकाळी बोट तिच्याविना गेली. फुथूवर, मक्याच्या मोकळ्या लापशीवर, आंबट दूध ओतून आम्ही खाल्लं. दहाला बोट परतली, सगळे सुखरूप. झिबुयिलेनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आपलं यंत्र रिकामं करायला गेली.

ते कालपासून टेबलावरच होतं. कुणी तोंड लावलं नव्हतं.

"आई, इथे हात लाव."

यंत्रात श्वास गाळणारा चुना असतो. माणसाचा उच्छ्वास त्यातून गेला, तरच तो तापतो. हा तिनं काल कोरा भरला होता.

खोल डुबकीवरून वर आल्यावर असतो, तितका गरम होता.