पहिल्या हाकेला

चिखलोलीच्या एका बांधावर कंपनीची गाडी लावून प्राचीने लॅपटॉप उघडला, तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. दिवाळी उलटून गेली होती, ऊन कोवळं होतं. काम सांगायला सोपं. पुरात टॉवर बंद पडले तरी लोकांचे फोन चालू राहायला हवेत. त्यासाठी वर उपग्रह, खाली टॉवर, मध्ये एक ड्रोन. आणि कुणाचा फोन कुठून जोडायचा हे ठरवणारं प्राचीचं सॉफ्टवेअर. दुपारी बदलापूरच्या मैदानावर अधिकाऱ्यांसमोर चाचणी होती. ती फसली तर प्रकल्प गुंडाळणार आणि तुझी नोकरीही, असं प्रकल्पप्रमुख अवधूत सरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

ड्रोन मैदानाकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून परतला. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर येऊन थांबला तो हलेचना. सॉफ्टवेअरच्या मते तिथे एक फोन होता.

प्लॉटवर चिटपाखरू नव्हतं. भरावाची लाल माती आणि वाळलेलं गवत. प्राचीने चपलेने माती उकरली. आत ती गार आणि ओली होती.

"इथे खाली काही आहे का हो, काका?" तिने जमिनीच्या मालकाला, जनूकाकांना विचारलं.

"इहीर व्हती आमची. बुजवली."

"बुजवताना कुणाचा फोन पडला का आत?"

"तवा फोन कुठं व्हते, बाय?" काका जरा थांबले. "त्यानं किती येळा हाक मारली?"

प्राचीने स्क्रीन पाहिला. कुठलाही फोन जोडून मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा मागणी करतो. याने एकदाच केली होती, आणि सॉफ्टवेअरने लगेच होकार दिला होता. पहिल्या मागणीलाच धावून जाणं ही तर तिच्या कामाची शान. त्यावर तिने केवढी पाठ थोपटून घेतली होती.

"आमी एका हाकेला ओ देत नाय," काका म्हणाले. "माणूस असला तं परत हाक मारतो."

अंबरनाथ पूर्वेत वाढलेल्या प्राचीला हसू आलं, पण घड्याळ हसू देईना. तिने नियम बदलला : तिसऱ्यांदा मागितल्याशिवाय जोडायचं नाही. ड्रोन किंचित थरथरला आणि मुकाट मैदानाकडे गेला.

चाचणी झकास झाली. "मानलं तुला," अवधूत सर फोनवर म्हणाले. "सगळे टॉवर बंद केले, एक कॉल तुटला नाही." प्राचीचे डोळे भरून आले. नोकरी वाचली होती. ती लॅपटॉप मिटायला वाकली.

"प्राची," अगदी मागून कुणीतरी म्हणालं.

"ओ," ती त्याच आनंदात म्हणाली.

मागे कुणी नव्हतं. काका लांब फाटकाशी उभे होते, आणि ते तिला बायच म्हणत.

"बाय, ओ दिलीस?"

तिने पुन्हा मागे वळून पाहिलं.

"ओ दिलीस?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने मान हलवली. सॉफ्टवेअरला शिकवलं, स्वतःला शिकवायचं राहून गेलं होतं.

फोन वाजला. "प्राची, ड्रोन कुठे निघाला?" सरांचा आवाज मध्येच तुटला.

घरघर जवळ येत होती. ड्रोन विहिरीच्या जागेवर थांबला नाही. पुढे आला आणि तिच्या डोक्यावर स्थिर झाला.

ती दोन पावलं बाजूला सरली. तोही सरला. उघड्या लॅपटॉपवर विहिरीतला फोन आता तिच्याच जागी दिसत होता, मागणीशिवाय जोडलेला.

कोरड्या बांधावर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटले होते.