इरूची टाळी मागे का पडते?

हात बरोबर पडत होते, गाणं तोंडपाठ होतं, तरी टाळी चुकत होती. असं का व्हावं, हे इरूला काही केल्या कळेना.

इरावती, म्हणजे घरातली इरू, चंद्रावरच्या वसाहतीत आई आणि नानांबरोबर राहायची. आई बर्फ वितळवून पाणी करणाऱ्या कारखान्यात कामाला. नाना, म्हणजे आईचे वडील, पृथ्वीशी बोलणाऱ्या मोठ्या अँटेनाचे शास्त्रज्ञ. इरूची शाळा मात्र दूर पृथ्वीवर, साताऱ्याजवळच्या एका गावात. सकाळी ती पडद्यासमोर बसली की लोखंडे बाईंचा सगळा वर्ग तिच्या खोलीत उजाडायचा.

आता स्नेहसंमेलन आलं होतं. वर्गाला टाळ्यांचं गाणं करायचं होतं:

एक टाळी आभाळाला, एक टाळी भुईला,
एक टाळी धाडून देऊ लांबच्या आपल्या सईला.

इरू नेमकी मागे पडायची. तिकडून वर्गातला सर्जेराव म्हणायचा, की चंद्रावरची पाहुणी पंगत उठल्यावर जेवायला येते. वर्ग हसायचा. शेवटी बाईंनी मायेनंच सांगितलं, की उद्या ताल जुळला नाही तर इरूनं यंदा नुसतं बघावं.

नुसतं बघायचं? इरू तशीच नानांकडे गेली आणि यंत्र बिघडल्याची तक्रार केली. नानांनी यंत्र उघडलंच नाही. तिला अँटेनाच्या खोलीत नेलं आणि सांगितलं, इथून टाळी वाजव आणि लगेच गाणं म्हणायला लाग. पृथ्वीवरची अँटेना तुझी टाळी जशीच्या तशी परत धाडेल.

इरूनं टाळी वाजवली. ‘एक टाळी आभाळाला, एक टाळी भुईला...’ ओळ संपली, आणि तेव्हा कुठे तिचीच टाळी तिच्या कानावर आली.

नाना समजावू लागले. आपला आवाज रेडिओ लहरींवर (प्रकाशाच्याच वेगानं धावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींवर) बसून जातो. या लहरी एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातात. त्याहून जलद काहीच धावत नाही. पण पृथ्वी आहे पावणेचार लाखांहूनही थोडी लांब. म्हणून जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. हा झाला विलंबकाल (निरोप निघाल्यापासून पोचेपर्यंतचा वेळ).

“पण मी तर त्यांची टाळी ऐकल्याबरोबर वाजवते,” इरू म्हणाली.

“तू ऐकतेस तीच सव्वा सेकंद शिळी असते, बाय. तुझी ताजी टाळी तिकडे पोचेपर्यंत तीही शिळी होते.”

मग गाणं मीच सुरू केलं तर, असं तिनं विचारलं. तर इथून ऐकणाऱ्याला सर्जेराव मागे पडलेला दिसेल, असं नाना म्हणाले. हे इरूला फारच आवडलं.

मग तिला युक्ती सुचली: जाण्यायेण्यात एक ओळ जाते, तर आपण एक ओळ पुढेच राहायचं. दुसऱ्या दिवशी कानांवर पहिली ओळ येत असताना तिनं दुसरी म्हणायला घेतली. सगळं गाणं ती अशी एक ओळ पुढे राहिली. ऐकलं की हात गोंधळायचे, म्हणून ताल पकडताच तिनं कानांत बोळे घातले. तिकडे टाळीला टाळी अशी जुळली, की बाईंनी तिची जागा तिथल्या तिथे पक्की केली.

इरू मात्र बोळे हातात घेऊन नानांकडे गेली.

“त्यांच्या गाण्यात मी होते, नाना. माझ्या गाण्यात कुणीच नव्हतं.” तिनं विचारलं, “मग पडद्यातून शाळा येतच नाही का?”

नानांनी उलट तिलाच विचारलं, की उशीर कधी जाणवतो आणि कधी नाही. इरू आठवू लागली. बाईंनी ज्वालामुखी शिकवला तेव्हा अजिबात जाणवला नव्हता. उलट तो धडा तिनं पुन्हा पुन्हा लावून पाहिला होता. शंका विचारली, तरी उत्तर नीट यायचं. पण चेष्टामस्करीत, भांडणात, सगळ्यांनी मिळून म्हणायच्या पाढ्यात ती हटकून मागे राहायची. म्हणजे एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं, ते उशिरा आलं तरी पुरतं येतं. दोघांनी एकाच क्षणी करायचं, ते वाटेतच विस्कटतं.

“बरोबर,” नाना म्हणाले. “आता लहर काही याहून वेगानं पळणार नाही. अंतर कमी करता आलं तर बघ.”

पृथ्वी कशी जवळ आणणार? इरू विचार करत बसली. तेवढ्यात भिंतीपलीकडून कुणी तरी काही घोकत असल्याचा आवाज आला. ती वांजिरू होती. केनियाची, इरूएवढीच, आपल्या देशाच्या शाळेच्या पडद्यासमोर बसलेली. दोघी पाण्याच्या नळाशी भेटायच्या, मान हलवायच्या आणि आपापला वर्ग गाठायला पळायच्या.

वांजिरूची शाळा सुटेपर्यंत इरू थांबली. मग तिनं जाऊन दार वाजवलं.

वांजिरूला मराठी येत नव्हती. इरूनं तळवे समोर धरले आणि गाणं म्हटलं. पहिल्या खेपेला वांजिरूचा हात इरूच्या नाकावर बसला. दुसऱ्या खेपेला इरूच चुकली, हसण्यामुळे. तिसऱ्यांदा तळव्यावर तळवा असा पडला, की आवाज कुणाच्या हाताचा ते ओळखू येईना.

दुसऱ्या दिवशी दोघी आपापले पडदे घेऊन एकाच खोलीत बसल्या. एकीला साताऱ्याहून धडा आला, दुसरीला केनियाहून. धडे संपल्यावर दोघींनी पडदे मिटले. वांजिरूनं इरूचे हात धरून सरळ केले आणि स्वतःच्या गावचं गाणं सुरू केलं. इरूला त्यातला एकही शब्द कळत नव्हता. ती वांजिरूच्या हातांकडे बघत शिकू लागली.