दिवाणाच्या बाजूचा डाग

नलूच्या टीव्हीवर डाग पडला होता. उजव्या कोपऱ्यात हिरवा, कडेनं जांभळा. बातम्या देणारी बाई तिथवर सरकली की तिचा गाल शेवाळल्यासारखा दिसायचा. स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दहाच्या त्या क्वार्टरमधलं सामान बांधून झालं होतं. फक्त हे पिक्चर ट्यूबचं धूड, त्याच्या उजवीकडचा दिवाण आणि माझी धाकटी बहीण, तिघंही हलायला तयार नव्हते.

आमचे जावई, म्हणजे नलूचे यजमान हेमराज, दिवाळीनंतर त्या दिवाणावरच गेले. आता महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचं होतं. नलूच्या मुलानं, पीयूषनं, जुनवानीला घर घेतलं होतं. पण हिचं एकच पालुपद.

"दादा, डाग त्यायच्याच बाजूले हाय. ते अजून उठले नाई. त्यायले सोडून मी कशी जाऊ?"

"येडी हायेस का? जावई जन्मभर मॅग्नेट क्रेनवर होते. आणला असन चुंबकाचा तुकडा घरी. त्यानंच पडद्याचा रंग बिघडते."

प्लांटच्या इलेक्ट्रिकलमध्ये माझी हयात गेली. भुतापेक्षा मला सैल वायरची भीती जास्त.

भर दुपारी मी पडद्यातलं चुंबकत्व काढायची कॉइल घेऊन गेलो. थाळीएवढं तारेचं कडं. बटण दाबलं की घुरघुरतं. पडद्यासमोर गोल फिरवायचं, फिरवत फिरवतच मागं सरकायचं आणि पार दाराशी पोचल्यावर बंद करायचं. घाई करून जवळच बंद केलं, तर समोर जे असेल त्यात चुंबकत्व ठाण मांडून बसतं.

डाग गेला. नलूनं चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत डाग परत आला.

मी टीव्ही उचलून समोरच्या भिंतीला लावला. दिवाण आता त्याच्या डावीकडं आला. डागही डावीकडं आला. मग दिवाण उपसला. गादी झटकली, फळ्या, खिळे पाहिले; खिळ्याला साधी टाचणी चिकटेना. शेवटी सगळं पूर्ववत लावून गादीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सोबत आणलेल्या डबीतला लोखंडाचा कीस भुरभुरला. जिथं ओढ असेल तिथं कण उभे राहतात.

कण उभे राहिले. आधी खांदा. मग पाठ. मग पोटाशी घेतलेले गुडघे.

नलू कप घेऊन दारात उभी होती. "असेच झोपत होते," ती म्हणाली.

मला घाम फुटला, खोटं कशाला सांगू. पण आज हिला इथून न्यायचंच होतं. मी कॉइल सुरू केली, गादीवरून फिरवली, फिरवत मागं सरकू लागलो. ती जड होत गेली, भरल्या बादलीसारखी. कागदावर गुडघे हळूहळू सरळ झाले.

मग सगळा कीस माझ्याकडं सरकू लागला.

दार अजून मागं होतं.

कागदाची कड आली. कण थांबले. कॉइलची ओढ थांबली नाही.

मी ती छातीशी धरली आणि बटण सोडलं.

कागदावर नुसती राखाडी भुकटी उरली. पडदा लख्ख.

"पाह्य, गेला डाग," मी मोठ्यानं म्हणालो. "आता चाल."

नलूनं पडद्याकडं पाहिलं. मग बराच वेळ माझ्याकडं. ती वाद घालील, रडेल, असं वाटलं होतं. तिनं चपला घातल्या.

बाहेर पीयूषची गाडी उभी होती. मी पुढं निघालो. मागून पावलं ऐकू येईनात म्हणून वळलो.

आमच्याकडं बहिणी भावासमोर पदर घेत नाहीत. नलू तर अजूनही माझ्या पाठीत धपाटे घालणारी. ती उंबऱ्यात थांबली होती. नजर खाली. हेमराजसमोर घ्यायची तसा तिनं डोक्यावरून पदर ओढला, आणि मी चालू लागेपर्यंत तिथंच उभी राहिली.